भिंतीवरचा कागद कोण वाचतं?

कुठल्याही सार्वजनिक वॉशरूममध्ये जा, आरशाशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद असतोच. हात कसे धुवायचे, पायरी पायरीने, चित्रांसकट. आधी तळव्यावर तळवा, मग बोटांच्या मधे, मग अंगठे, मग नखं, आणि हे सगळं किमान वीस सेकंद. साथ आली की हे कागद वाढतात, एकाचे चार होतात, एखादा तर लाल अक्षरात असतो. आता समजा एखाद्याने खरंच तो वाचला आणि मन लावून वीस सेकंद हात धुतले. मग बाहेर पडताना समोर काय, तर आत ओढायचं दार! त्याला एक चकचकीत स्टीलचं हँडल, आणि हात न धुता बाहेर गेलेल्या प्रत्येक माणसाने तेच हँडल धरलेलं.

या दारापाशी जरा वेळ थांबून बघा, फार करमणूक होते. कोणी टिशू घेऊन हँडल धरतं, कोणी फक्त करंगळी अडकवून ओढायला जातं आणि दार जड असलं की करंगळीच दुखते, कोणी शर्टाची बाही खाली ओढून घेतं, कोणी कोपराने काहीतरी कसरत करतं, आणि काही हुशार लोक आरशात उगाच केस नीट करत उभे राहतात कारण बाहेरून कोणीतरी दार ढकलेलच, मग त्याच्या शेजारून सटकायचं. एवढे सगळे प्रकार का, तर ते दार बाहेर ढकलता येत नाही म्हणून. बिजागऱ्या उलट्या बाजूने बसवल्या असत्या तर खांद्याने ढकलून काम झालं असतं. मोठ्या विमानतळांवर तर दारच नसतं, नुसतं एक वळण असतं, भिंत अशी आडवी घातलेली की बाहेरून आतलं काही दिसत नाही आणि जाता येता कशाला हात लागत नाही. त्या वळणावर कसलाच कागद चिकटवलेला नसतो, गरजच काय?

तेव्हापासून म्हणा किंवा कधीपासून म्हणा, माझं एक मत झालंय. एखाद्या जागेत सूचनांचे कागद जितके जास्त, तितकी ती जागा बांधताना कोणीतरी विचार करायचा राहून गेलेला. माणसाला सतत सांगावं लागतंय म्हणजे जागा त्याला भलतंच काहीतरी करायला लावतेय.

साथीच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध किस्सा बघा ना. १८५४ चा लंडन, सोहो भागात कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती आणि जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरून कोण मेलं, कुठलं पाणी प्यायलं याचा हिशोब लावत होता. सगळा हिशोब ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपापाशी येऊन थांबला. आता तिथं त्याने फलक लावला असता की कृपया हे पाणी पिऊ नये, तर किती जणांनी ऐकलं असतं? बहुतेक कोणीच नाही, कारण त्या पाण्याला चव चांगली होती म्हणे. त्याने स्थानिक समितीला पटवून पंपाचा दांडाच काढायला लावला. ८ सप्टेंबरला दांडा गेला, विषय संपला. (तोपर्यंत बरेच लोक घाबरून पळून गेले होते आणि साथ तशीही ओसरायला लागली होती, हे स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे एका दांड्याने लंडन वाचवलं वगैरे जरा जास्तच होतं.) पण दांडा काढण्याची कल्पना मला अजून आवडते. कोणाला उपदेश नाही, कोणावर ओरडणं नाही, नळ आहे पण चालत नाही, जा दुसरीकडे.

पुढे चारच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्स नदीला इतकी घाण सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसणं मुश्कील झालं. खासदारांच्या स्वतःच्या नाकापर्यंत प्रकरण आल्यावर पैसे ताबडतोब मंजूर झाले, आणि बॅझलजेट या इंजिनिअरने जमिनीखालून गटारांचं प्रचंड जाळं उभं केलं. त्या वेळी बहुतेकांना वाटायचं की रोग दुर्गंधीतूनच पसरतो, म्हणजे कारण चुकीचं होतं आणि काम बरोबर झालं! एकदा जमिनीखाली पाइप गेले की वर राहणाऱ्याने काही समजून घ्यायची गरजच उरत नाही, तो बिचारा आपोआप निरोगी वागतो.

आणि एक माणूस मला फार आवडतो, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन. त्या काळी रेल्वेत, शाळेत, सगळीकडे पाणी प्यायला एकच भांडं साखळीला बांधून ठेवलेलं असायचं, क्षयाचा पेशंट त्यातूनच प्यायचा आणि त्याच्या मागोमाग लहान मूलही. १९०९ मध्ये याने ते सामायिक भांडंच बंद करून टाकलं, आणि कागदी कपाचा जो धंदा तेव्हा नुकताच सुरू होत होता त्याचं नशीब उघडलं. पण त्याची खरी भन्नाट गोष्ट वेगळीच आहे. लोक फुटपाथवर थुंकायचे, थुंकीतून क्षय पसरायचा, तर याने वीटवाल्यांना पटवलं आणि फुटपाथच्या विटांवरच छापून घेतलं, इथे थुंकू नका. म्हणजे माणूस थुंकायला खाली वाकणार, मान खाली घालणार, आणि नेमकं तिथेच ते वाचणार. सूचनाच आहे ही, मान्य, पण काय जागा शोधलीय! भिंतीवर लावली असती तर त्याच भिंतीवर थुंकले असते लोक.

अलीकडच्या कोविडच्या साथीत आपण सगळ्यांनीच हे प्रयोग अंगावर घेतले. जमिनीवर चिकटवलेले गोल, त्यात दोन पावलं, इथे उभे राहा. पहिला आठवडा लोक शहाण्यासारखे गोलात उभे राहिले, मग गोल घासले गेले, मग त्यांच्या कडा उखडल्या, मग पुढचा माणूस गोलात आणि मागचा त्याच्या खांद्यावर. दुकानांत बाण काढलेले, इकडून जा तिकडून या, पण एखादी वस्तू बाणाच्या उलट दिशेला दोन पावलांवर असली की बाणाला कोण विचारतो. सॅनिटायझरचा तो पायाने दाबायचा स्टँड तर विसरू नका, एकतर पेडल दाबून दाबून पाय दुखेल पण थेंब येणार नाही, नाहीतर एकदम पिचकारी उडून शर्टाच्या पोटावर.

काही गोष्टी मात्र मस्त जमल्या. २०२० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॉमिनो पार्कमध्ये हिरवळीवर पांढरे गोल आखले, ८ फूट व्यासाचे, एकमेकांपासून ६ फुटांवर, आणि लोक खरंच आपापल्या गोलात जाऊन बसले. का बसले? मला वाटतं कारण तो गोल त्यांना काहीतरी देत होता. आपली अशी एक जागा, कोणी येऊन चिकटणार नाही याची खात्री. दुकानातला गोल तुम्हाला नुसता थांबवतो, बागेतला गोल बसायला बोलावतो, एवढाच फरक आहे. त्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटे नावाच्या गावात नेमकं उलट केलं, पोरांनी जमू नये म्हणून स्केटपार्कमध्ये ट्रकने वाळू ओतली. मग पोरं वाळूत चालवायच्या बाइक घेऊन आली, आणि नंतर स्केटवाल्यांनी वाळू उपसायलाही घेतली. उघड्यावर, वाऱ्यात खेळणाऱ्या पोरांना हुसकून लावायचं, म्हणजे ती कुठे जाणार, तर कोणाच्यातरी बंद खोलीत.

आणि खरा घोळ तिथेच तर होता, बंद खोलीत. आपण पृष्ठभाग पुसत बसलो. मीही कौतुकाने वाचलं होतं की नवा विषाणू तांब्यावर चार तासांत निकामी होतो आणि स्टीलवर, प्लॅस्टिकवर दोन तीन दिवस तग धरू शकतो, म्हणजे सगळी हँडलं तांब्या-पितळेची करा की! पण हळूहळू कळत गेलं की या रोगाचा मोठा रस्ता हवेतूनच होता, आणि टेबलं पुसून लखलखीत केलेल्या खोल्यांच्या खिडक्या बंदच होत्या. कित्येक इमारतींत तर खिडकी उघडायची सोयच नसते, काच आहे, फ्रेम आहे, कडी नाही. जिथं पंप बंद करायला हवा होता तिथं आपण बादल्या घासत होतो.

हवेचं अवघड यासाठी आहे की ती दिसत नाही. घाण पाणी निदान गढूळ दिसतं. दहा माणसांनी दोन तास श्वास सोडलेली हवा अगदी तशीच दिसते जशी सकाळची. म्हणून मला ते कार्बन डायऑक्साइडचे मीटर फार आवडले. बाहेर मोकळ्यावर आकडा साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. आपण सोडलेल्या श्वासात मात्र तो वायू सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे ४०,००० पीपीएम. त्यामुळे खोलीतला आकडा जितका चढेल तितकी तुम्ही दुसऱ्यांनी सोडलेली हवा पुन्हा ओढताय, इतकं सरळ. बेल्जियमने २०२१ मध्ये हॉटेलं, बार, जिम अशा ठिकाणी हे मीटर सक्तीचे केले, आणि तेही येणाऱ्या जाणाऱ्याला दिसतील असे लावायचे. कल्पना करा, मीटिंग रंगलीय आणि कोपऱ्यातला आकडा १४०० वर गेलाय. कोणालाच भाषण द्यावं लागत नाही, कोणीतरी उठतंच आणि खिडकी उघडतं, आणि उघडल्यावर आकडा खाली येताना बघायला सगळ्यांनाच मजा येते, मीटिंगपेक्षा जास्त. (मीटिंग लवकर संपवायलाही हे यंत्र उत्तम, हा उपयोग माहितीपत्रकात लिहीत नाहीत.)

बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत मात्र मीटर नाही, यंत्र नाही, नुसता रंग वापरला होता. संडासापासून हात धुवायच्या जागेपर्यंत पक्की वाट केली, ती भडक रंगवली, वाटेवर पावलांचे ठसे काढले आणि धुवायच्या जागी हातांचे ठसे. मुलांना एक शब्द सांगितला नाही. आधी संडासातून आल्यावर साबणाने हात धुणारी मुलं होती ४ टक्के. रंग दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी झाली ६८, आणि सहा आठवड्यांनी मोजलं तर ७४. अभ्यास छोटासा आहे, दोनच शाळा, पण लहान मूल जमिनीवरच्या पावलांवर पाऊल ठेवल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही हे कळायला अभ्यास तरी कशाला हवा. मोठेही ठेवतात, फक्त आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते बघून.

पण या सगळ्या हुशारीला एक छोटी अट आहे, ठशांच्या शेवटी साबण असला पाहिजे. वाट एकदाच रंगवायची असते, उद्घाटन होतं, फोटो निघतात. साबण रोज भरायचा असतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. साबणाचे ते स्टीलचे डबे तर कोणी डिझाइन केले देव जाणे, बाहेरून भरलाय की रिकामा काही म्हणजे काही कळत नाही, हात ओले करून बटण दाबल्यावरच समजतं, आणि वर त्याला कुलूप. पारदर्शक डबा लावला तर सफाईवाल्या मावशींना लांबूनच दिसेल की संपत आलाय. मी एका ठिकाणी हे सुचवून पाहिलं. सूचना चांगली आहे म्हणाले, आणि पुढच्या वेळी गेले तर डब्यावर एक कागद चिकटवलेला होता, लॅमिनेट केलेला, साबण संपल्यास कार्यालयात कळवावे.