कंटिन्युइटीची वही आणि एक चहाचा ग्लास

दिग्दर्शन शिकण्यासाठी मी एका ज्येष्ठ मराठी दिग्दर्शकांकडे सहायक म्हणून राहिले. ओळख कशी निघाली, मुंबईत खोली कशी मिळाली, यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखी आहे ती कंटिन्युइटीची वही, म्हणजे एका शॉटमधले हात, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटशी जुळाव्यात म्हणून ठेवायची नोंद, कारण सरांनी ती पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली आणि पुढचे सात महिने परत घेतली नाही. शॉट लावायला कधी मिळेल, असे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा 'बघू' एवढेच उत्तर मिळाले. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

वाईजवळच्या एका वाड्यात जमिनीच्या वाटणीचा प्रसंग होता. ओसरीवर वडील, दोन मुलगे आणि चहाचे ग्लास. सकाळी मास्टर झाला, म्हणजे सगळे एकत्र दिसतील असा अख्ख्या प्रसंगाचा शॉट. क्लोज, म्हणजे एकेकाला जवळून घेतलेले शॉट, जेवणाच्या सुट्टीनंतर लागले. मी वहीत लिहिले होते, 'धाकटा चहा पितो.' संध्याकाळी सरांनी वही मागवली आणि विचारले, "कोणत्या शब्दावर? कोणत्या हाताने?" मला सांगता येईना. मॉनिटरवर पाहिले, तर मास्टरमध्ये 'सातबारा' म्हणताना ग्लास डाव्या हाताने उचललेला होता आणि क्लोजमध्ये वाक्य संपल्यावर, उजव्या हाताने. दुसऱ्या दिवशी तो क्लोज पुन्हा घ्यावा लागला. लाइट पुन्हा लागले, सगळे युनिट खोळंबले आणि मी स्पॉटदादांना ग्लासातला चहा अर्धे बोट कमी करायला सांगत उभी होते. सर ओरडले असते तर बरे झाले असते. ते पेपर वाचत बसले.

त्यानंतर मी 'कट' झाल्याबरोबर, नट जागचा हलण्यापूर्वी फोटो काढू लागले. शॉट सुरू होण्याआधीचा फोटो पुरत नाही. हालचाल कोणत्या अक्षरावर झाली ते लिहिता लिहिता, 'सातबारा' हा शब्द धाकट्याला वडिलांच्या डोळ्यांत बघून म्हणवत नाही आणि म्हणून तो ग्लासाकडे वळतो, हे मला दिसले. हे सरांना एका वाक्यात सांगता आले नसते का?

त्यांनी बसून शिकवली ती एकच गोष्ट. रात्री जेवणाच्या ताटात दोन वाट्या समोरासमोर ठेवल्या, काडेपेटीचा कॅमेरा केला आणि दोघांच्या नजरेच्या रेषेपलीकडे तो गेला की समोरासमोरची माणसे एकाच दिशेला पाहताना कशी दिसतात, हे दाखवले. त्या रेषेच्या एकाच बाजूचे १८० अंश आपले. मग तिसरी वाटी ठेवून म्हणाले, "आता सांग." मला अर्धा तास लागला.

आणखी एक, आधीच सांगायला हवे होते: मानधन आणि श्रेयनामावलीतले नाव कामाआधी लिहून घ्यावे, आणि पहिली भेट दिग्दर्शकांऐवजी त्यांच्या मुख्य सहायकाची घ्यावी, कारण नवे सहायक सहसा तोच निवडतो.

आठव्या महिन्यात मला एक इन्सर्ट, म्हणजे एखाद्या वस्तूचा जवळून घेतलेला छोटा शॉट, लावायला मिळाला, दाराच्या कडीचा. त्याच सुमारास वाटणीचा प्रसंग एडिटिंगला लागला. संकलकाने 'सातबारा' या शब्दावर वडिलांचा चेहरा ठेवला आणि तो ग्लास उचलण्याचा शॉट, डाव्या हाताचाही आणि उजव्या हाताचाही, काढून टाकला. सरांनी मान डोलावली. मी वही मिटली आणि चहा प्यायला खाली गेले.