हातमोजे कोणाच्या खात्यात?

माझी मामी गोव्यातल्या वाळपईजवळच्या एका काजू कारखान्यात बावीस वर्षे बिया फोडत होती. गेल्या पावसाळ्यात तिला घेऊन मी रेशनच्या दुकानात गेले, तेव्हा यंत्रावर तिचा अंगठा काही केल्या उमटेना. दुकानदाराने तिला हात साबणाने धुऊन यायला सांगितले, मग एकेक बोट टेकवून पाहिले, आणि शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर काम भागले. मी तिचा तळवा उजेडात धरून पाहिला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांवर रेषा अशा उरलेल्याच नव्हत्या. तिथली कातडी गुळगुळीत आणि काळपट झाली होती. "बाय, माझा अंगठा काजूनं खाल्ला," एवढेच ती म्हणाली आणि तांदळाची पिशवी उचलून चालू लागली.

काजूबीचे टरफल दुपदरी असते आणि त्या दोन पदरांच्या मध्ये, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांत, एक दाहक तेल भरलेले असते. अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल हे त्यातले मुख्य जाळणारे घटक. हेच तेल पुढे रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात वापरले जाते, यावरून ते माणसाच्या कातडीचे काय करत असेल याची कल्पना यावी. बी वाफवली किंवा भाजली तरी फोडताना थोडे तेल सुटतेच. आमच्या बायका हाताला खोबरेल चोळतात, वर राख लावतात आणि कामाला बसतात.

मी स्वतः डिचोली तालुक्यातल्या एका लहान कारखान्याचे हिशेब पाहते, म्हणून हा प्रश्न माझ्यासमोर वहीच्या रूपाने येतो. हातमोजे आमच्याकडे पूर्वीपासून आणले जातात, आणि बायका ते काढून ठेवतात. अनेक वर्षे सगळे हेच सांगत आले की त्यांना सवय नाही, त्यांना समजत नाही. मी हजेरी आणि मजुरीच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा खरे कारण दिसले. फोडणीची आणि सोलणीची मजुरी किलोवर मिळते, तीही अख्ख्या गराला चांगली आणि पाकळीला (दुभंगलेल्या गराला) किंवा तुकड्याला कमी. हातमोजा घातला की बोटांना बीचा अंदाज येत नाही, वेग मंदावतो आणि गर फुटतो. म्हणजे हातमोज्याची किंमत मालकाने एकदा दुकानात दिली, पण बाई ती रोज संध्याकाळी वजनकाट्यावर देत होती. अशा स्थितीत तिने मोजा काढून ठेवला, तर तो तिचा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे.

मालकाला दोष देऊन हा विषय संपत नाही, हेही मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. साधारण चार ते साडेचार किलो बियांतून एक किलो गर निघतो. मोठा खरेदीदार डब्ल्यू ३२०, म्हणजे एका पाऊंडात ३०० ते ३२० गर बसतील अशा प्रतीचा भाव हंगामाआधीच ठरवून टाकतो. वीज, जळण, डबे आणि बँकेचे व्याज यांना हात लावता येत नाही. मग ताण देण्यासारख्या दोनच जागा उरतात: बागायतदाराला द्यायचा बियांचा दर आणि बाईला द्यायची मजुरी. दुकानात स्वस्त मिळालेल्या काजूची तूट कुठे भरून निघते, याचे उत्तर या दोन जागांत आहे.

बियांच्या दराची गोष्ट तर थेट आफ्रिकेपर्यंत पोचते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आज सत्तरी, पेडणे, सांगे भागांतल्या डोंगरउतारांवर आमचेच होऊन राहिले आहे. त्याच्या बोंडूची, म्हणजे फळाची, फेणी ही दारू २००९ पासून भौगोलिक मानांकन मिरवते आणि गोव्याच्या काजूलाही २०२३ मध्ये ते मिळाले. तरीही इथल्या अनेक कारखान्यांत वर्षभर जे फोडले जाते त्यातला मोठा भाग आयवरी कोस्ट, बेनिन अशा देशांतून पोत्यांनी आलेला असतो. आयवरी कोस्ट दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास काजूबिया पिकवतो, जगात सर्वांत जास्त, आणि त्यातल्या बहुतेक न फोडताच व्हिएतनाम आणि भारताकडे रवाना होतात. फोडणी, सोलणी आणि प्रतवारी यांतून जी किंमत वाढते, ती तिथल्या शेतकऱ्याच्या गावात राहतच नाही. आयातीला माझा विरोध नाही, कारण तिच्यामुळेच आमच्या बायकांना पावसाळ्यातही काम मिळते. पण पाकिटावर समुद्राचे आणि नारळाच्या झाडाचे चित्र छापून आतला गर गोव्याच्या मातीतला असल्याचा भास निर्माण करणे हे मला सरळ अप्रामाणिक वाटते. मालाचे स्वरूप बदलणारी प्रक्रिया ज्या देशात झाली तोच देश मूळ देश मानावा, असा कोडेक्सचा, म्हणजे अन्नपदार्थांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा, आंतरराष्ट्रीय नियम आहे. फोडणी-सोलणीलाच अशी प्रक्रिया मानले की आफ्रिकेतला शेतकरी कागदावरून नाहीसा होतो, आणि त्याच पाकिटाशी भावात स्पर्धा करताना सत्तरीचा बागायतदारही नाहीसा होतो.

कागदावरून माणसे नाहीशी झाली की काय होते, हे जगाने पाहिले आहे. २०११ साली ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने व्हिएतनाममधल्या व्यसनमुक्तीच्या नावाने चालणाऱ्या सरकारी कोठड्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. तिथे डांबलेल्या लोकांकडून सक्तीने काजू फोडून घेतले जात होते. कोकोचे उदाहरण आणखी जुने आहे. मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये हार्किन-एंगल करारान्वये बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत थांबवण्याचे वचन दिले. ती मुदत पुनःपुन्हा पुढे गेली, आणि शिकागो विद्यापीठातल्या संशोधन संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आयवरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत मिळून सुमारे १५.६ लाख मुले कोकोच्या कामात होती. त्याच आयवरी कोस्टची पोती आमच्या गोदामात येतात. त्या बिया कोणी वेचल्या हे विचारणारा रकाना आमच्या खरेदीच्या कागदात नाही.

आपल्याकडे सामाजिक जबाबदारी म्हटले की लोकांना २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ आठवते. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. आमच्यासारखे कारखाने त्यात बसतही नाहीत. मात्र त्या नियमांतली एक तरतूद मला फार योग्य वाटते: केवळ आपल्याच कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. कामगाराच्या कातडीचे रक्षण हा दानधर्म नव्हे, तो उत्पादनखर्च आहे, असाच याचा अर्थ मी घेते. शाळेला बाक देणाऱ्या कंपनीचे कौतुक जरूर व्हावे, पण तिचा माल फोडणाऱ्या हातांचा हिशेब त्याआधी लागलेला असावा.

यंदा मार्चमध्ये, नवी बी यायच्या आधी, मी मालकांसमोर एक साधा कागद ठेवला. हातमोजा घालून एक बाई दिवसाला किती किलो गर काढते आणि मोजा काढून किती, याची आठ दिवसांची नोंद त्यात होती. जो फरक निघाला, तो मजुरीच्या दरात वाढवून द्यावा आणि विक्रीच्या भावात मिळवावा, असे मी सुचवले. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मजुरी वाढवली. आता बायका मोजे घालतात. सगळ्या नाही, पण बहुतेक. पातळ रबराचे मोजे आठवड्यात फाटतात, म्हणून जाड कापडावर रबर चढवलेले मोजे मागवले आहेत, आणि त्यांचा खर्च 'किरकोळ'मधून काढून फोडणीच्या खात्याला जोडला आहे.

मोठ्या खरेदीदाराने वाढीव भावाला अजून होकार दिलेला नाही. किलोमागे जी वाढ मागितली ती कशाची, असे त्याने लेखी विचारले आहे. उत्तराचे पत्र मी लिहून ठेवले आहे आणि सोबत त्या आठ दिवसांच्या नोंदीची प्रत जोडली आहे. सोमवारी मालकांची सही झाली की ते रवाना होईल.