गोळीबार 'होत' नसतो

लग्नाच्या पंगतीत, अनुवादाच्या वर्गात, अगदी केस कापायला बसलो तरी कुणीतरी विचारतंच: परक्या लष्कराच्या ताब्यातल्या गावात लोक रस्त्यावर उतरले, तर त्याला म्हणायचं काय? आंदोलन, दंगल की उठाव? एका दैनिकात परदेशी बातम्यांवर पुष्कळ रात्रपाळ्या केल्या, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

मी नाम शोधत बसत नाही, आधी क्रियापद बघतो. हे चूक करून शिकलो. १९८९ साली नवखा होतो. वेस्ट बँकेतली, म्हणजे इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातली बातमी होती. एजन्सीच्या मजकुरात 'क्लॅशेस' होतं, मी 'चकमक' लिहून मोकळा झालो. मुख्य उपसंपादक म्हणाले, "चकमक? गोळ्या दोन्हीकडून सुटल्या का रे?" नव्हत्या सुटल्या. एका बाजूला बंदुका होत्या, दुसरीकडे दगड. "मग तसं लिही की."

आणखी एक पळवाट खास आपली: 'गोळीबार झाला'. पाऊस झाला, तसा गोळीबार झाला. आमचं मूळ गाव गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याजवळ. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रही हद्द ओलांडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली. आजी सांगायची ते असं: "पाखल्यांनी पोरां मारल्यानी." पाखले म्हणजे पोर्तुगीज. कर्ता जागच्या जागी. लिस्बनच्या कागदांत मात्र १९५१पासून गोवा ही वसाहतच नव्हती, 'सागरपार प्रांत' होता. प्रांत आपलाच म्हटला, की सत्याग्रहीच कायदा मोडणारा ठरतो.

बैत साहूरचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. वेस्ट बँकेत बेथलेहेमला लागून असलेलं हे गाव, वस्ती बहुतांशी ख्रिस्ती पॅलेस्टिनींची. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, डिसेंबर १९८७मध्ये पेटला, आणि पुढे या गावानं इस्रायलच्या लष्करी राजवटीला कर द्यायचं थांबवलं. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, एवढंच म्हणणं. वसुली करणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं 'नागरी प्रशासन'. १९८१ साली स्थापलेलं, लष्कराच्याच हाताखालचं. नावातला 'नागरी' वाचून उपसंपादक हमखास फसतो. जुलै १९८८मध्ये शेकडो लोकांनी आपली ओळखपत्रं परत करून टाकली. १९८९च्या शरदात लष्करानं गावाला वेढा घातला, ४२ दिवस. टेलिफोन तोडले, घराघरांतून सामान आणि कारखान्यांतून यंत्रं जप्त करून नेली.

हे लोक करबुडवे का? इथं मराठी माणसाला शब्द शोधावा लागत नाही. आपल्याकडे साराबंदी आहे, करबंदी आहे. करबुडव्या गुपचूप बुडवतो. करबंदीवाला आधी सांगतो आणि जप्तीची वाट बघतो. १९२८ला बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी जप्तीपासून वाचवायला म्हशी घरात कोंडून घेतल्या होत्या, माणसांसोबत. तिथं साहेबाचं राज्य होतं, लष्करी ताबा नव्हे, पण बैत साहूरमध्येही गोष्ट गोठ्याशीच आली. इस्रायली दूध घ्यायचं नाही म्हणून गावकऱ्यांनी एका किबुत्झकडून, म्हणजे इस्रायलमधल्या सामुदायिक शेतीच्या वस्तीकडून, १८ गायी विकत आणल्या. लष्करानं त्या गायी इस्रायलच्या सुरक्षेला धोका ठरवल्या. मग गावानं त्या लपवल्या.

पण यावरून अख्ख्या इंतिफाद्याला 'अहिंसक' म्हणू नका. दगड होते, पेट्रोल बॉम्ब होते, खबरे असल्याच्या संशयावरून पॅलेस्टिनींनी पॅलेस्टिनींना मारलंही. एकच विशेषण सगळ्यांवर चढवण्यापेक्षा त्या दिवशी, त्या गल्लीत कुणी काय केलं ते लिहावं. दगड मारला तर दगड मारला. समोर रणगाडा होता की रिकामी बस, तेही. जागा वाया जाते म्हणून संपादक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

'जमाव' मी शक्यतो टाळतो. 'जमाव पांगवला' असं वाक्य एकदा लिहिलं, की पांगवलेल्यांत शिंपी, दाई, शाळामास्तर होते हे सांगायला जागाच उरत नाही. तरी घाईत कधी कधी लिहिलंय, नाही म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, गायींच्या बातमीला 'अठरा गायी फरार' मथळा चालेल?"

हसलो खरा. पण म्हटलं, "लपवल्या लिही. कुणी लपवल्या तेही."