तळकोकणातल्या जत्रा: तारीख कशी काढायची, रात्र कशी काढायची

थंडीच्या दिवसांत मालवण-वेंगुर्ल्याला येणारे बहुतेक जण किल्ला, किनारा आणि मासे एवढं करून परततात. आपण राहिलो त्याच्या शेजारच्या वाडीत रात्रभर जत्रा चालली होती, हे त्यांना कळतही नाही. कळलंच तर नाव एकच ठाऊक असतं, भराडी देवीच्या मोठ्या जत्रेची आंगणेवाडी. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने आंगणेवाडीपासून सुरुवात करूच नये. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी भागातली आडवारी आलेली एखादी लहान जत्रा आधी धरावी. देऊळ जवळून दिसतं, दशावतार, म्हणजे जत्रेच्या रात्रीचं लोकनाट्य, पुढे बसून बघता येतो आणि चहा प्यायला रांग लावावी लागत नाही.

जत्रांचा हंगाम शेतीला बांधलेला आहे. भात कापून, झोडून घरात आलं, मळे रिकामे झाले, तुळशीचं लग्न लागलं की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. कार्तिक-मार्गशीर्षात त्यांची दाटी असते. माघात महाशिवरात्र, फाल्गुनात शिमगा, पुढे चैत्र-वैशाखातही काही गावांच्या जत्रा असतात. पाऊस आला की देवळाच्या आवारात रात्र जागवणं शक्य नसतं, आणि दशावतारी मंडळांचे पेटारेही विसावतात.

तारीख हा पहिला घोळ. बहुतेक जत्रा तिथीवर असतात, त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख घेऊन रजा टाकली की फसगत ठरलेली. त्रिपुरारी पौर्णिमा २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २४ नोव्हेंबरला येते. जवळपास तीन आठवड्यांचा फरक. शिवाय पौर्णिमा दोन दिवसांत विभागली असेल तर दिनदर्शिका एक दिवस दाखवते आणि गाव दुसरा धरतं. म्हणून दिनदर्शिकेवरून आठवडा ठरवावा आणि नेमका दिवस त्या गावातल्या माणसाकडून पक्का करून घ्यावा. एसटी स्टँडवरचे फलक, स्थानिक वर्तमानपत्रांची सिंधुदुर्गची पानं आणि बाजारातला नारळवाला या तिन्ही ठिकाणी माहिती खात्रीची मिळते. नारळवाल्याला तर चार गावं पुढचंही पाठ असतं, कारण त्याला माल न्यायचा असतो. मुक्काम आहे तिथल्या माणसाला ‘जवळपास जत्रा खंय आसा?’ एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा काम होतं.

दुसरा घोळ त्याहून साधा आणि जास्त महागात जाणारा. फलकावर लिहिलेली तारीख संध्याकाळची असते. दर्शन, ओटी, पालखी त्या रात्री होते, पण नाटक सुरू होईपर्यंत तारीख बदललेली असते आणि दहीकाला दुसऱ्या दिवशी पहाटे फुटतो. १० तारखेची जत्रा असेल तर परतीचं तिकीट ११ तारखेच्या दुपारनंतरचं हवं. सकाळच्या गाडीचं काढलं तर एकतर नाटक अर्धं सोडावं लागतं किंवा गाडी.

यायला कोकण रेल्वे सोयीची. मालवण भागासाठी कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. सावंतवाडी रोड स्थानक शहरापासून बरंच बाहेर आहे, रिक्षाचा वेळ धरून चालावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारचं बघता बघता संपतं. गावात लॉज नसतात. खोली तालुक्याच्या ठिकाणी घ्यावी आणि रात्रीसाठी जाऊन-येऊन रिक्षा किंवा गाडी ठरवावी. ठरवताना ‘पहाटे सहाला परत’ हे आधीच बोलून घ्यावं. मध्यरात्री आडगावात नवीन गाडी मिळत नाही.

स्वतःची गाडी असेल तर ती बहुधा कापलेल्या मळ्यात लावायला सांगतात. नोव्हेंबरात अवकाळीची एक सर आली की तोच मळा चिखल होतो आणि पहाटे चाकं जागच्या जागी फिरतात. पाऊस झालेला असेल तर थोडं चालणं पत्करावं, पण गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला, एसटीला वाट सोडून लावावी. तोंड परतीच्या दिशेला करून ठेवावं.

संध्याकाळी सात ते नऊ ही दर्शनाची चांगली वेळ. ओटीत नारळ, खण, तांदूळ, हळद-कुंकू आणि फुलं असतात. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे नारळाबरोबर केळी ठेवण्याची रीत आहे. सगळं देवळाबाहेर मिळतं, घरून आणायची गरज नाही. माहेरवाशिणी यासाठी मुद्दाम येतात, त्यामुळे गर्दीत बायका जास्त असतात आणि रांग वाटते त्यापेक्षा हळू सरकते. कारण प्रत्येकीसाठी गाऱ्हाणं घातलं जातं, म्हणजे तिच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घातलं जातं. आत गाऱ्हाणं चालू असेल तर मधे घुसू नये. तरंग, म्हणजे वस्त्रं नेसवलेल्या देवाच्या काठ्या, बाहेर काढलेल्या असतील तर त्यांना हात लावू नये. त्यांचे मानकरी ठरलेले असतात. फोटो विचारून काढावा. गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी चालत नाही.

पालखीची प्रदक्षिणा झाली की दशावतार. फलकावर रात्री अकरा लिहिलं असलं तरी पालखी आत गेल्याशिवाय पडदा हलत नाही. साडेबारा धरा. अंथरायला चटई किंवा जाड चादर, अंगावर शाल, डोक्याला टोपी किंवा मफलर, बॅटरी आणि पाण्याची बाटली एवढं जवळ हवं. कोकणात थंडी नसते या समजुतीवर येणारे लोक पहाटे तीनला कुडकुडतात. थंडीपेक्षा दव वाईट. मांडवाबाहेर बसलात तर चादर ओली होते. जागा धरताना कर्ण्यांच्या समोर बसू नये, आणि पखवाज-पेटीवाले ज्या अंगाला बसतात त्याच्या समोरच्या अंगाला बसावं. युद्धनृत्यात पखवाज आणि पावलं यांची जुळणी तिथून नीट दिसते.

सुरुवातीला आडदशावतार. गणपती, सरस्वती, मग वेद चोरणारा काळ्या वेषातला संकासूर आणि शेवटी विष्णूकडून त्याचा वध. संकासूर मालवणीत बोलतो आणि गावातल्या ताज्या भानगडींवर टोमणे मारतो. बाहेरच्याला यातलं निम्मं कळत नाही, म्हणून पुष्कळ जण ‘खरं नाटक सुरू झालं की येऊ’ म्हणत खाजाच्या, म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊच्या, दुकानाकडे वळतात. ते करू नये. हा भाग हल्ली आधीच आखडता घेतला जातो, आणि जत्रेच्या रात्रीचा तो विधीच आहे.

त्यानंतर आख्यान. छापील संहिता नसते. कथा पुराणातली किंवा त्या धर्तीवर रचलेली असते, प्रवेशांचा क्रम तोंडाला रंग लावण्याआधी नट आपसात सांगून घेतात आणि संवाद जागेवर सुचतील तसे बोलले जातात. त्यामुळे तेच आख्यान दुसऱ्या गावात वेगळं उभं राहतं. नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तेच अरण्यातला दगड. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि चांगल्या स्त्रीपार्ट्याला गावागावांत नाव असतं. मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर, वालावलकर, आजगावकर अशी जुन्या मंडळांची नावं फलकावर दिसतील. कोणत्या जत्रेला कोणतं मंडळ हे पुष्कळ ठिकाणी परंपरेने ठरलेलं आहे. हल्ली निरनिराळ्या मंडळांतले नट एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ करतात, त्यात धूर आणि ट्रिकसीन जास्त. मला जत्रेतला साधाच बरा वाटतो.

खेळाला तिकीट नसतं. मधे आरतीचं तबक प्रेक्षकांत फिरतं, त्यात टाकायला सुटे पैसे काढून ठेवावेत. नट तोंड रंगवतात तिथे कॅमेरा घेऊन घुसू नये. पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो आणि त्याची पूजा करूनच खेळ सुरू होतो, म्हणून चपला घालून तर त्या बाजूला अजिबात जाऊ नये. नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारला तर तलवारीचं पाऊल चुकू शकतं.

जत्रेत विकत घ्यायचं ते खाजं. बेसनाच्या जाड कांड्या तळून आल्याच्या गुळपाकात घोळवतात. हातात घेतल्यावर बोटाला चिकटलं तर पाक कच्चा राहिला आहे, ते दुसऱ्या दिवशी चिवट होणार. मोडताना कट्कन आवाज यायला हवा. उघडं ठेवलं की गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो, त्यामुळे गाडीत बसण्याआधी हवाबंद डब्यात भरावं. जेवणाचं मात्र लक्षात असू द्या: जत्रेच्या दिवशी गावात शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं. मासे दुसऱ्या दिवशी.

एकदा लहान जत्रा अंगवळणी पडली की मोठ्यांकडे वळावं. सावंतवाडी तालुक्यातली सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या पाठोपाठ येते. ती लोटांगणांसाठी प्रसिद्ध. दिवसभर उपास करून, आंघोळ करून, ओल्या अंगाने पुरुष देवळाभोवती जमिनीवर लोटांगण घालतात आणि बायका उभ्याने प्रदक्षिणा पूर्ण करतात. हे रात्री होतं. बघणाऱ्याने कडेला, उंचावर जागा घ्यावी. वाटेत उभं राहून चित्रीकरण करणाऱ्यांना गावकरी हाताला धरून बाजूला काढतात, आणि ते बरोबरच आहे.

आंगणेवाडी म्हणजे मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची वाडी. भराडी देवीची जत्रा तिथीवर नसते, देवीचा कौल, म्हणजे तिची संमती, घेऊन दिवस ठरतो. २०२३ मध्ये ४ फेब्रुवारी, २०२४ मध्ये २ मार्च, २०२५ मध्ये २२ फेब्रुवारी. यावरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येत नाही. तारीख जाहीर होताच रेल्वे जादा गाड्या आणि एसटी कणकवली, कुडाळ, मालवणहून जादा बस सोडते. या दिवशी खासगी गाडीपेक्षा एसटी चांगली, कारण गाड्या लांब अडवतात आणि एसटी जवळपर्यंत जाते. रात्री आंगणे कुटुंबांतल्या बायका नैवेद्याची ताटं घेऊन देवळात येतात, तेव्हा दर्शन काही तास थांबतं. त्या वेळी रांगेत सापडलात तर जागचे हलत नाही. पहाटे लवकर पोचावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोडजत्रेला यावं. मोबाइल चालेल असं गृहीत धरू नका. चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती ‘देवळासमोर’ नसावी.

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात कुणकेश्वर. देऊळ थेट किनाऱ्यावर आहे आणि आजूबाजूच्या गावांचे देव ताशांच्या गजरात तीर्थस्नानाला समुद्रावर येतात. त्यासाठी शिवरात्रीपेक्षा पुढची अमावस्या गाठावी. अमावस्येला उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला तितकंच जोरात ओढतं. समुद्रात उतरायचं तर देवस्वाऱ्या जिथे उतरतात तिथेच, गुडघाभर पाण्यापर्यंत. चपला आणि फोन किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे द्यावेत, वाळूत ठेवू नयेत.