केपच्या आतला पिवळा रंग

बॅटमॅन आणि रॉबिन या जोडीवरच्या एका छोट्या फॅन फिल्मच्या वेशभूषेची जबाबदारी माझ्याकडे होती. पात्रांचे हक्क डीसी कॉमिक्सचे असल्यामुळे या चित्रपटातून कोणतीही कमाई करायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरले होते. आम्ही सगळेच या पात्रांवरच्या प्रेमापोटी काम करत होतो. दिग्दर्शकाची मागणी एका वाक्याची होती: हे दोघे आज खरोखरच असते, तर त्यांनी काय घातले असते ते मला पडद्यावर दिसले पाहिजे.

बॅटमॅनचे उत्तर तुलनेने लवकर सापडले. काळपट राखाडी जाड कापड, छाती आणि खांद्यांवर फोमचे तुकडे आणि मान वळवता यावी म्हणून मुखवटा गळ्यापाशी वेगळा, एवढे ठरल्यावर बाकीचे काम शिलाईचे होते. १९८९च्या चित्रपटात बॅटमॅनचा मुखवटा आणि केप एकसंध असल्याने नटाला मान वळवता येत नसे आणि बाजूला पाहायचे तर सगळे धडच वळवावे लागे, हे आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. ती चूक आम्ही करणार नव्हतो. खरी अडचण रॉबिनची होती.

रॉबिन पहिल्यांदा आला तो १९४०च्या एप्रिलमध्ये, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात. लाल बंडी, हिरव्या बाह्या, हिरवी आखूड चड्डी, उघडे पाय आणि पिवळी केप. रात्रीच्या अंधारात गुन्हेगारांच्या पाठलागावर निघालेल्या मुलाने असे कपडे का घालावेत, याचे उत्तर मला सापडत नव्हते आणि ते नीट शोधण्याआधीच मी रंग काढून टाकायला सुरुवात केली. बंडी गडद मरून झाली, बाह्या जवळजवळ काळ्या वाटाव्यात इतक्या गडद हिरव्या झाल्या, चड्डीच्या जागी पूर्ण लांबीची विजार आली आणि केप कोळशाच्या रंगाची झाली. कोपर आणि गुडघ्यांवर फोम भरला. तीन आठवड्यांच्या मेहनतीनंतर तो पोशाख हँगरवर फार देखणा दिसत होता, आणि मला त्याचा मनापासून अभिमान होता.

कॅमेरा टेस्ट होती ती इमारतीच्या गच्चीच्या सेटवर. मागून निळसर प्रकाश, पुढून अगदी थोडा आणि कठड्यावर दोघे जण शेजारीशेजारी उभे. मी मॉनिटरसमोर बसले होते. छायाचित्रणकार बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने शांतपणे विचारले, ‘‘यातला रॉबिन कुठे संपतो आणि बॅटमॅन कुठे सुरू होतो?’’

मॉनिटरवर एकच मोठी काळी आकृती होती, तिला दोन डोकी होती. लाल रंग हा अंधारात सगळ्यात आधी विझतो, आणि मी तर तो आधीच मरूनपर्यंत खाली आणून ठेवला होता. प्रकाश वाढवावा असे दिग्दर्शकाने सुचवले, पण प्रकाश वाढवला की ती रात्र राहत नाही, यावर छायाचित्रणकार ठाम होता आणि त्याचे बरोबर होते. दोष दिव्यांचा नसून कपड्यांचा होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या अंकांची पाने पुन्हा उघडली, आणि आतापर्यंत मी जे भडक म्हणून बाजूला सारले होते ते पहिल्यांदा कामाच्या नजरेने पाहिले. तो काळ स्वस्त कागदावरच्या छपाईचा. निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया, प्रत्येकीच्या ठरावीक छटा आणि त्यांच्या मिश्रणातून मिळणारे मोजके रंग, एवढ्यावर रंगकाराला भागवावे लागे. काळ्या शाईत आकार बुडून जातो म्हणून बॅटमॅनच्या केपवर जिथे उजेड पडतो तिथे निळा रंग भरत. मला मॉनिटरवर जी अडचण दिसली, तीच त्यांच्यापुढे कागदावर होती आणि त्यांनी ती सोडवलेली होती. शिवाय रॉबिन हा मुळात सर्कशीतला झुलेकरी. त्याचे आईवडील झुल्यावरून पडून गेले, आणि तो अंगावर चढवतो तो पोशाख शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसावा अशा घराण्यातला. ते रंग निष्काळजीपणाने आलेले नव्हते. त्यांत त्या मुलाचे मागचे आयुष्य होते, आणि मी नेमके तेच पुसले होते.

१९९०मध्ये चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी टिम ड्रेक या नव्या रॉबिनसाठी पोशाख आखला, तेव्हा त्यांनी पायांना पूर्ण हिरवी विजार दिली आणि केप बाहेरून काळी, आतून पिवळी केली. हे चित्र मी पूर्वी कितीदा पाहिले असेन! पण त्यातले पिवळे अस्तर मला शोभेचे वाटत आले होते.

सामानाच्या पेटीत सुरुवातीला मापासाठी शिवलेली एक पिवळी केप पडून होती. ती मूळ चित्राबरहुकूम केली होती आणि पहिल्याच ट्रायलला नाकारली गेली होती. कापड बिनचकाकीचे होते, हे आमचे भाग्य, कारण साटिन असते तर दिव्याखाली त्याचे पांढरे चट्टे उठले असते. माझ्या सहायक मुलीने तिची शिवण उसवली, आणि आम्ही दोघींनी जमिनीवर बसून ती कोळशी केपच्या आत कच्च्या टाक्यांनी बसवली. पहिल्या खेपेला अस्तर खालून डोकावू लागले, म्हणून ते काठापासून दोन बोटे आत घेतले. केप मिटलेली असताना पिवळ्याचा मागमूसही दिसता कामा नये, हा माझा आग्रह होता. गळ्यापाशी अस्तराला थोडी ढील ठेवली, नाहीतर हात पसरताच बाहेरचे कापड ताणले जाऊन खांद्यावर चुण्या पडत होत्या. या कामात दोन तास गेले आणि तेवढा वेळ सगळे युनिट आमच्यासाठी थांबून राहिले.

पुन्हा दोघे कठड्यावर उभे राहिले. केप मिटलेली होती तोवर चित्र आधीसारखेच अंधारे होते. मग त्या तरुण नटाने उडीच्या पवित्र्यात हात पसरले आणि पिवळा रंग एकदम उघडला. रॉबिन बॅटमॅनपासून वेगळा झाला, हे अपेक्षित होते. मी अपेक्षिले नव्हते ते असे, की अस्तरावर पडलेला थोडासा प्रकाश परतून त्याच्या हनुवटीवर आणि गालांवर आला, आणि मुखवट्याखालचा तो कोवळा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा दिसला. छायाचित्रणकाराने एकही दिवा हलवला नव्हता.

नटाच्याही ते लगेच लक्षात आले. सकाळी तो केप सावरत, अंग चोरून वावरत होता. आता कधी मिटून लपायचे आणि कधी उघडून समोर यायचे, हे तो स्वतःच ठरवू लागला, आणि दिग्दर्शकाने मारामारीचा प्रसंग त्या उघडझापीवर नव्याने बसवायला घेतला.

निळ्या प्रकाशात तो पिवळा किंचित हिरवट दिसत होता. रात्री मी अस्तर सोडवून कडक चहाच्या पाण्यात बुडवले, तेव्हा त्याला उबदार, जरासा जुनाट रंग आला. बंडीचा मरून मी दोन पायऱ्यांनी उजळवून लालाकडे नेला. बाह्यांना खरा हिरवा रंग परत दिला, आणि त्यामुळे ज्या दोन दृश्यांना, मागचा हिरवा भाग नंतर काढून तिथे दुसरे चित्र जोडण्यासाठी, हिरवा पडदा लागणार होता तिथे निळा पडदा लावण्याची विनंती करावी लागली, नाहीतर बाह्यांसकट दंडच गायब झाले असते. आखूड चड्डी मात्र मी परत आणली नाही. उघड्या गुडघ्यांनी गच्चीवरून उड्या मारणारा मुलगा मला आजही पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तसेच पिवळे अस्तर लावून स्टंट करणाऱ्या मुलासाठी दुसरी केप बेतायला घेतली.