पानिपत कशाला म्हणायचं?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेकांनी मैदान, घंटा आणि छड्यांवर लिहिलं असणार. मला आठवतो तो मराठीच्या बाईंचा नववीतला एक तास.

कुणीतरी निबंधात, शेजारच्या शाळेकडून कबड्डीत हरल्यावर 'आमचं पानिपत झालं' असं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, "मध्यंतराला पुढे होतात?" नव्हतो. "मग पानिपत कसलं? हरलात, इतकंच."

पुस्तक मिटून त्या १४ जानेवारी १७६१ वर आल्या. फौज उपाशी होती, तरी सकाळी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, हौदा रिकामा दिसताच फौजेचा धीर सुटला आणि दिवस मावळेपर्यंत सगळं संपलं. जिंकत आलेलं एका दिवसात हातचं जातं आणि घरोघरी सुतक येतं, ते पानिपत, असा बाईंचा दंडक. 'विश्वास तर पानिपतात गेला' ही कोटी आम्ही उठताबसता करायचो. त्या कधी हसल्या नाहीत.

बाकीचे शब्दही त्यांनी त्याच तासाला वाटून दिले. बोजवारा व्यवस्थेचा उडतो, माणसाचा नाही. फज्जा बेताचा उडतो आणि बघ्यांना थोडं हसू येतं. धुव्वा समोरचा उडवतो, आपला आपण उडत नाही. बट्ट्याबोळाला वेळ लागतो, तो सावकाश, स्वतःच्या हाताने करायचा असतो. लग्नाच्या पंगतीतल्या रेटारेटीला आपण सहज भाऊगर्दी म्हणतो, त्यातले भाऊ सदाशिवरावच, हे ऐकून वर्ग गप्प झाला होता.

पुढे वर्तमानपत्रात क्रीडा पानावर नोकरी लागली आणि ही वाटणी रोज कामाला आली. मथळ्यात 'पानिपत' शिरलं की मी आधी बाईंचाच प्रश्न विचारायचो, आणि बहुतेक वेळा तो शब्द खोडायचो. डिसेंबर २०२० मध्ये मात्र ॲडलेडला पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी घेऊन भारताचा दुसरा डाव तिसऱ्या दिवशी पहिल्याच सत्रात ३६ धावांवर आटोपला. त्या रात्री मथळा आला तसा सोडला. (सुतक सोडून बाकी अटी पूर्ण होत होत्या.)

महिन्याभरात तीच मालिका भारताने २-१ अशी जिंकली, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने मला धरलं : आता ते पानिपत कसं राहिलं? मी म्हटलं, पानिपतावर पाय जायबंदी झालेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजेबरोबर दिल्लीत शिरले. म्हणून १७६१ चं नाव कुणी बदललं का? त्याचं समाधान झालं नाही. बाईंशी गाठ घालून द्यायला हवी होती.