वैशाखातलं दुपटं

वहिनीला एप्रिलअखेरची तारीख दिली आहे, हे दादाने डिसेंबरात फोनवर सांगितलं आणि मी त्याच आठवड्यात बोहरी आळीत जाऊन लोकर घेऊन आले. पांढरी आणि पिस्ता, मिळून अर्धा किलो. मी आत्या होणार होते. बारशाला बाळाच्या कानात नाव मी सांगणार, पाठीत धपाटे मी खाणार, तर बाळंतविडाही माझ्या हातचा हवा, एवढाच हिशोब तेव्हा डोक्यात होता. डिसेंबरातल्या पुण्यात स्वेटर घालून उभ्या असलेल्या बाईला वहिनीच्या माहेरचं एप्रिलातलं नाशिक आठवत नाही, हे माझं एकमेव समर्थन.

क्रोशा मला शाळेत असताना येत होता. म्हणजे साखळी यायची, खांब यायचा, मुका खांब मैत्रिणीकडून करून घ्यायचे. मोबाइलवर व्हिडिओ बघून १५० साखळ्यांनी सुरुवात केली आणि त्यावर खांबांच्या ओळी चढवत गेले. संध्याकाळी टीव्हीसमोर दोन-दोन ओळी होत होत्या. मजा येत होती. एकतिसाव्या ओळीला पसरून बघितलं तर चौकोन राहिलाच नव्हता. पणतीसारखा आकार झाला होता, खाली रुंद आणि वर निमुळता. मोजले तर १२८ खांब. प्रत्येक ओळीच्या शेवटी वळताना कडेचा खांब कधी ना कधी सुटत होता. मी दिवसभर एका कारखान्याच्या हिशेबखात्यात रुपयाचा फरक शोधत बसते, आणि घरी येऊन बावीस खांब गायब करत होते!

उसवायला घेतलं आणि त्याच रविवारी मामींचा फोन आला. मामी साताऱ्याकडच्या कोरेगावला असतात. मी हौसेने सांगितलं, बाळाला गुंडाळायला लोकरीचं ब्लँकेट विणतेय. पलीकडे जरा वेळ शांतता.

"तारीख कवाची दिलीय?"

"एप्रिलअखेर."

"म्हंजी वैशाख. वैशाखात लोकर? पोराला उकडून काढायचंय का गं?"

मग त्यांनी क्रोशाच्या जाळीवर बोट ठेवलं. "त्याच्या भोकांत बाळाची बोटं अडकत्यात. आमच्या शेजारच्या पोराचं बोट काळंनिळं झालं होतं." मी नंतर विणलेल्या तुकड्यात माझी करंगळी घालून पाहिली, सहज गेली. शिवाय ती लोकर म्हणजे अक्रिलिक. घाम टिपत नाही, शू तर मुळीच नाही. फोटोत छान दिसली असती.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी स्वारगेटवरून सातारची एसटी पकडली.

मामींच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आजीची लुगडी अजून एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. बहुतेक इरकली. सुती अंग, रेशमी पदर, लालसर काठ. मामींनी त्यातलं एक करड्या-हिरव्या चौकटीचं काढलं आणि खिडकीत जाऊन उजेडावर धरलं. हे मला कुणी व्हिडिओत सांगितलं नव्हतं. नऊवारी सव्वाआठ मीटरचं, पण सगळीकडे सारखं झिजत नाही. काष्टा जिथून मागे जातो आणि माणूस जिथे बसतो, तिथलं कापड उजेडात चाळणीसारखं दिसतं. निऱ्यांच्या आतला भाग मात्र धडधाकट. पदर आम्ही बाजूला ठेवला, कारण रेशीम गरम पडतं आणि त्याचा लाल रंग जातो. रंगाची परीक्षा साधी आहे: कोपरा ओला करायचा, पांढऱ्या रुमालात दाबून धरायचा. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड बाळाच्या कामाचं नाही.

मी कात्री मागितली. मामी म्हणाल्या, कशाला? काठाला दाताने एक टवका काढला आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. आडवं फाडलं की कापड आपल्या सुताने सरळ जातं, कात्री तिरकी चालते. पटलं. पण तो आवाज मला काही सोसला नाही. आजी त्या लुगड्यात मला मांडीवर घ्यायची की नाही हे मला आठवतसुद्धा नाही, तरी पोटात कालवलं. मामींना काहीच वाटलं नव्हतं. त्यांच्या घरात प्रत्येक लुगड्याचं शेवटी हेच होतं: आधी वाकळ, वाकळ विरली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की चुलीपुढचं फडकं.

सव्वा मीटरभर पन्हा मिळाला, शिवून दुमडून एक मीटरचा चौकोन. तीन थर ठरवले: वर-खाली चांगलं कापड, मधे विरलेलं. थंडीतल्या वाकळेला सहा-सात थर असतात; दुपट्याला तीन पुष्कळ झाले, नाशिकच्या उन्हाळ्याला दोनही चालले असते. तिन्ही तुकडे गरम पाण्यात रिठ्याने धुतले, खळ नाही, नीळ नाही. नवं कापड घेतलं असतं तर दोनदा धुऊन आटवून घ्यावं लागलं असतं. जुन्याचं आटणं कधीच होऊन गेलेलं असतं.

मामी कशा शिवतात ते मी त्या दुपारभर पाहिलं. जमिनीवर थर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार डबे. काठापासून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत आत आत जायचं, बोटभर अंतरावर धावदोऱ्याची पुढची फेरी. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला हळूहळू करवतीसारखा कापतो. लांबी दीड हात, त्याहून लांब घेतला की गुंता. गाठ वर दिसता कामा नये, सुई दोन थरांच्या मधून घालून ती पोटात ओढायची, कारण बाळाच्या पाठीला गाठ टोचली तर ते सांगू शकत नाही. आणि सुईवर एकदम चार-पाच टाके भरून मग ओढायचे. मामींच्या हातात ते विणल्यासारखं चालायचं. डाव्या तळव्याने त्या पुढचं कापड सारखं चोपत होत्या. मला वाटलं सवय असेल. ते चोपणं म्हणजेच खरं काम होतं, हे मला पुण्यात येऊन कळलं.

घरी आल्यावर मी पहिल्या रात्री आकडेमोड केली. एक मीटरचा चौकोन, फेरीफेरीत दोन सेंटिमीटर अंतर, पंचवीस फेऱ्या. सगळ्या मिळून ५२ मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर ५,२०० टाके. पहिल्या दिवशी तासाभरात दीड मीटर झालं होतं. मामींना सांगितलं तर म्हणाल्या, "मोजू नगंस. मोजलं की वाढतं."

फेब्रुवारी बरा गेला. मार्चात मात्र आमच्या खात्यात माणूस माणसाला ओळखत नाही. रात्री नऊला घरी, जेवण, मग साडेदहापर्यंत सुई. सातव्या फेरीला मधे झोळ दिसायला लागला. काठ घट्ट बसलेले आणि वरचं कापड मधे फुगलेलं, जणू खाली मांजर बसलंय. मी कच्चे टाके घातले होते, पण कडांना. सगळी सल, म्हणजे कापडाचा सैलपणा, आत ढकलली गेली आणि आत जायला जागा उरली नाही. मामी कच्चे टाके घालतच नाहीत. त्या दर फेरीला तळव्याने ती सल चोपून चोपून थोडी थोडी जिरवतात. तो हात मला दोन महिन्यांत येणार नव्हता. मग पाच फेऱ्या उसवल्या, मधोमध बसून बाहेरच्या दिशेने सूर्यकिरणांसारखे मोठे कच्चे टाके घातले, सल कडेला नेऊन सोडली. ज्यांना पहिल्यांदा शिवायचंय त्यांनी माझं ऐकावं, मामींचं नाही.

अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, घालायचा कंटाळा केला त्याची शिक्षा मधल्या बोटाला झाली. करड्या चौकटीवर रक्ताचा थेंब पडला तर लगेच गार पाण्याने चोळायचं. गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो. मी गरम लावलं. तो डाग अजून आहे, मोहरीएवढा, काठाजवळ.

पण हे सगळं सोसलं. एका रात्री जे झालं ते सोसलं नाही. उसवल्यावर थर हलू नयेत म्हणून मी कच्च्या टाक्यांच्या जोडीला टाचण्या लावल्या होत्या. वीस. शिवत जाईन तशा काढून डबीत टाकत होते. सतराव्या फेरीनंतर डबीत मोजल्या तर एकोणीस.

पुन्हा मोजल्या. एकोणीस. जमिनीवर झाडू फिरवला, गादी उचलली, नवऱ्याला उठवून उभं केलं, त्याचा पायजमा झटकला. तो म्हणाला, कदाचित आधीच एकोणीस असतील. हिशेबखात्यातल्या बाईला असं कधी म्हणू नये. दुपट्यावर तळहात फिरवला तर काही लागेना, कारण तीन थरांमध्ये आडवी पडलेली टाचणी वरून कळत नाही. ती तेव्हाच कळते, जेव्हा कुणीतरी कापडाची घडी घालून त्यावर बाळ ठेवतं. रात्री साडेबाराला मी कात्री घेऊन सगळंच उसवायला बसणार होते.

फ्रिजला लावलेलं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीवालं चुंबक नवऱ्याने काढून आणलं. दुपट्याच्या वरून एकेक पट्टी फिरवत गेलो, नांगरटीसारखं. चौथ्या पट्टीत कापड आतून जरासं उचललं गेलं आणि टक् असा आवाज झाला. दोन थरांच्या मधे, नवव्या-दहाव्या फेरीच्या दरम्यान, डोकं तुटलेली. ताळा जमला. मी त्या रात्री रडले हे इथे लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मामींना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "लहान लेकराच्या कापडाला टाचणी लावत नसत्यात," एवढंच म्हणाल्या. "सुई एकच. उठताना सुई डबीत, मग पाणी प्यायला जायचं." जानेवारीतच का नाही सांगितलं, असं विचारायचं माझ्या ओठावर होतं. पण त्यांना जे सांगायची गरजच कधी वाटली नाही ते त्या कशा सांगणार? पुढच्या आठ फेऱ्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर झाल्या.

मधला शेवटचा वीतभर चौकोन राहिला तेव्हा मामींचा हुकूम आला: तिथे चार दाणे तांदूळ घालून मग बंद कर, वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये. मी म्हटलं, मामी, हे रोज धुतलं जाणार, तांदूळ कुजेल, मुंग्या येतील. त्या म्हणाल्या, चार दाण्यांनी काय होतंय. मी हो म्हणाले आणि एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तांदळाशिवायच बंद केलं.

भाची ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी आली. वहिनीच्या माहेरी, नाशिकला. बारशाच्या आदल्या दिवशी मी पोचले तेव्हा बाळंतविड्यात झबली, टोपडी, मोजे, दोन कुंच्या आणि चार लोकरीची ब्लँकेटं आलेली होती, पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये, वर खोलीत पंखा फिरत होता. ब्लँकेटं कपाटात गेली. दुपटं बाहेर राहिलं.

गुंडाळायचं कसं हे मला आजीच्या पद्धतीचं माहीत होतं: पाय सरळ करून करकचून, पुरचुंडी. वहिनीने थांबवलं. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला वेगळं शिकवलं होतं. दुपटं तिरकं पसरायचं, वरचा कोपरा दुमडायचा, खांदे त्या दुमडीवर. हात छातीशी आणि तिथेच काय ते घट्ट. कमरेखाली मोकळं सोडायचं, मांड्या बेडकासारख्या बाहेर वाकल्या पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. झोपवायचं पाठीवर, वर सैल पांघरूण नाही. आणि कूस बदलायला लागली की गुंडाळणं बंद. मीटरभर चौकोनात हे सगळं नीट बसलं. घडी पडली ती मऊ पडली. तीन थर असून जड वाटलं नाही.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या करून पाळण्याखालून वर-खाली झाल्यावर मी तिच्या कानाशी वाकले. नाव सांगून होतंय तोवर मागून धपाटे सुरू झाले, आणि तेवढ्यात तिने दुपट्यात शू केली. ५,२०० टाके, पहिल्या दहा मिनिटांत. ते दोरीवर टाकलं, नाशिकच्या उन्हात तासाभरात वाळलं. एका ब्लँकेटवर दूध सांडलं होतं, ते संध्याकाळपर्यंत दमट होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनीचा फोन. "ऐक, दुसरं शिवशील का? हे दोरीवर असतं तेवढा वेळ ती किरकिरते. दुसऱ्या कशात गुंडाळलं तर पाय झाडते."

मी लगेच कोरेगावला फोन लावला. मामी, त्या लुगड्यातलं अजून काही उरलंय का?

"हाय की, अडीच-तीन मीटर हाय. पर आधी मला सांग, तांदूळ घातलंवतं न्हवं?"